चार जणांसाठी

"जुनं," वैजनाथ सर म्हणाले आणि लाल पेनाने सातवी ओळही खोडली.

मेहजबीन टेबलासमोर उभी होती. आठवी गेली, नववी गेली. दहाव्या ओळीवर पेन जरा थांबलं तेव्हा तिला उगाच आशा वाटली.

"'अचानक पाहुणे आले? कुकर आहे ना!'" सरांनी मोठ्याने वाचलं. "हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी लिहिलंय. तेव्हा नुसतेच आले होते, आता अचानक आलेत."

तीही खोडली.

"पाच वाजेपर्यंत दहा नवे विषय द्या. नाहीतर सोमवारपासून हा ब्लॉग मशीन लिहील. हे वरून आलंय, मी ठरवलेलं नाही."

मेहजबीन जागेवर येऊन बसली. एका प्रेशर कुकरवर माणसाने लिहावं तरी किती? कुकर कंपनीच्या या ब्लॉगसाठी चार वर्षांत तिने तीनशे नव्वद लेख लिहिले होते. कुकर आणि पावसाळा, कुकर आणि परीक्षा, कुकर आणि नवी नवरी. 'स्वयंपाकघरात वेळ वाचवण्याच्या नऊ युक्त्या' हा लेख तिने हिंजवडीच्या चौकात अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये, पाऊण तास एकाच जागी बसून लिहिला होता. नारायण पेठेतून सकाळी साडेसातला निघायचं, येऊन शिट्ट्या मोजायच्या आणि रात्री घरी गेल्यावर कुकर लावायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. ती दमली होती. तरीही हा ब्लॉग तिचा होता. यंत्राच्या हाती द्यायची कल्पना तिला सोसत नव्हती.

आणि सरांचा तर तिला रागच आला होता. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन हा माणूस जूनमध्ये इथे आला. यादी अजून कागदावरच मागतो. कुणाशी चार शब्द बोलत नाही, एक वाजला की केबिनचं दार लावून डबा खातो. लेख वाचत असतील की नुसतेच खोडत असतील, देव जाणे.

तिने शेवटचा उपाय केला. ब्लॉगच्या वरच्या कोपऱ्यात शोधायची चौकट असते. लोक तिथे काय काय टाइप करतात, त्याची यादी लेखकांना मिळते. विषय आटले की सगळे तीच उपसतात. ती तिने आधीही उपसली होती: शिटी, रिंग, बिर्याणी, पुन्हा शिटी. आज मात्र ती वेगळीच दिसत होती. त्यात शब्द नव्हते, अख्खी वाक्यं होती.

'एका माणसाला तांदूळ किती वाटी'

'डाळ खाली आणि पाणी वर असं का होतं'

'भाताचा डब्यात गोळा होतो उपाय'

'कालचं वरण आज खाल्लं तर चालतं का'

शेजारी बसणारा तेजस खुर्ची सरकवून डोकावला. "अगं, फिल्टर लावायला विसरलीस तू. आपल्या ऑफिसमधून केलेले सर्च वगळायचे असतात ना? हे सगळे आपलेच लोक आहेत. बघ, रोज एक ते दीड. जेवणाची सुट्टी."

"आपल्यातलं कोण?"

"असेल कुणी नवीन भरती. पीजीचं जेवण नकोसं झालं असेल, हातात पहिल्यांदा कुकर आलाय बिचाऱ्याच्या."

तेजस हसला. मेहजबीनला हसू आलं नाही. त्या ओळी जूनपासून होत्या. रोज एक प्रश्न, कधी दोन. दर वेळी चौकटीने तिचेच लेख त्याच्या पुढे टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी तो तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारत होता. तिने आपले जुने लेख एकेक करून उघडले. सगळ्या पाककृतींच्या माथ्यावर एकच ओळ होती: 'चार जणांसाठी'. तिनेच लिहिलेली, शेकडो वेळा. ब्लॉगच्या जगात घर म्हटलं की चार माणसं, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तिला लाज वाटली. सहा महिने कुणीतरी हाताच्या अंतरावर बसून तिला विचारत होतं आणि ती फिल्टर लावून विषय शोधत होती.

दहा विषय लिहायला तिला वीस मिनिटं लागली. तिने एकही स्वतःच्या मनाने घातला नाही, त्या वाक्यांतूनच सगळे उचलले. वर मथळा दिला: 'एकट्या राहणाऱ्या तरुणांसाठी'. पावणेपाचला तिने कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी यादी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं तेव्हा मेहजबीनने मनातल्या मनात ब्लॉगचा निरोप घेतला. पण पेन दहा ओळींपैकी एकीलाही लागलं नाही. त्यांनी मथळ्यातला 'तरुणांसाठी' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात 'माणसांसाठी' असं लिहिलं.

"पहिला उद्याच लिहा," ते म्हणाले. "सोमवारचं मी वर बोलतो."

ती 'हो सर' म्हणून वळली. दारापर्यंत पोचली असेल नसेल.

"मेहजबीन, एक अकरावा घ्या."

सर तिच्याकडे पाहत नव्हते. पेनाला टोपण लावत होते, आणि ते नीट बसत नव्हतं.

"डाळीत मीठ कुकर लावण्याआधी घालायचं की नंतर, तेही लिहा. हिला विचारायचं राहून गेलं."