सात जणी

म्हाताऱ्या मारेवेयाने खुर्ची इतकी पुढे ओढली, की इओतेबाला कीबोर्डवर हात ठेवायला जागा उरली नाही.

"आजी, जरा मागे सरक. अजून काही आलेलं नाही."

"येणार कुठून?"

"लंडनहून. तिथल्या एका संग्रहालयातून."

ओनोतोआ बेटाच्या समितीच्या कचेरीत एकच संगणक होता. छपरावरच्या तबकडीला आभाळातून जे काय मिळेल, ते सगळं त्याच्या वाट्याला. संकेतस्थळाचा पत्ता मारेवेयाच्या ऑकलंडच्या भाच्याने कळवला होता: सत्तर वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाने आपल्या गावात काढलेला फोटो आहे, चटया विणणाऱ्या बायकांचा, आणि त्यात तुझी आई आहे म्हणतात. मारेवेया दोन महिन्यांची होती तेव्हा आई गेली. तिला पाहिलेलं माणूस आता बेटावर उरलं नव्हतं.

इओतेबाने पत्ता टाकला. पडदा पांढराच राहिला.

"मेलं का काय?"

"नाही गं. पत्ता म्हणजे नुसतं नाव. त्या नावाचं घर कुठे, ते यंत्राला ठाऊक नसतं. ते आधी एका जाणत्याला विचारतं. तो घराचा नंबर सांगतो. मग त्या दारात जाऊन हाक मारायची."

"आणि घरात कुणी नसलं तर?"

"तर तसा निरोप येतो. आजी, तू फोटो बघायला आलीस का माझी परीक्षा घ्यायला?"

तेवढ्यात अक्षरं आली. काळी, ओबडधोबड, एकाखाली एक. क्षणभराने ती हलली, त्यांना रंग चढला आणि जे ते आपल्या जागी जाऊन बसलं. मधोमध एक रिकामी चौकट राहिली.

"फोटो मागे का राहिला? एका होडीत नव्हते बसले?"

"नव्हते. आधी मजकूर येतो. कुठे काय लावायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते वाचून यंत्र फोटो मागायला पुन्हा जातं."

"म्हणजे दोन खेपा."

"दोन कसल्या, वीस-पंचवीस."

"खुळेच आहेत," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण बरंय. सगळं एकाच होडीत घातलं आणि ती बुडली, तर?"

इओतेबा चौकटीखालची ओळ वाचत होता. "'चटया विणणाऱ्या सात स्त्रिया. नावे माहीत नाहीत.' आजी, इथे आपल्याला लिहिता येतं. एक नाव तरी कळवू. पण सातांतली कोणती, ते सांगावं लागेल."

मारेवेयाने खुर्ची आणखी पुढे ओढली.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आभाळ. माडांचे शेंडे. झावळ्यांच्या छपराची कड. मग एक चेहरा, एकटाच. बऱ्याच वेळाने त्याच्याही खाली सहा डोकी उमटली, सगळी खाली झुकलेली, नुसते केसांचे भांग. मग खांदे, हात, अर्ध्या विणलेल्या चटया. पहिल्या चेहऱ्याच्या बाईच्या हातात विणायची पाती नव्हती. पाती मांडीवर तशीच पडली होती. मान ताणून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ती कॅमेऱ्याच्या भिंगात आत काय आहे ते बघत होती.

"आला सगळा," इओतेबा म्हणाला. "सावकाश बघ. ओळख पटली नाही, तर नको लिहायला."

मारेवेयाचं नाक काचेला टेकायचंच बाकी होतं. तिने बोट ठेवलं.

"ही. लिही."

"नक्की? आजी, तू तर तिला कधी पाहिलंच नाहीस."

"बाकीच्या सहाजणी काम करतायत," मारेवेया म्हणाली.