हातचा सातू

"तुहं पाहून झालं ना? मंग निंघ. अकोल्याची गाडी साडेपाचले हाये."

सीमाने दारातच उभं राहून सांगितलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

सत्यभामा खरं तर त्याच गाडीने परतणार होती. एकोणीस वर्षांपूर्वी देवीदास तिला टाकून या सीमाबरोबर अमरावतीला आला, तेव्हापासून ती अकोल्याजवळ माहेरच्या मळ्यात भावाजवळ राहत होती. झेंडू-शेवंती पिकवायची, हार करून विकायचे, कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. देवीदासला लकवा मारल्याचं नात्यातल्या कोणीतरी फोनवर सांगितलं. एकदा तोंड पाहून यावं, म्हणून ती एका पिशवीत एक लुगडं घालून निघाली होती.

राजापेठेतल्या त्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत तो खाटेवर पडला होता. उजवं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालं होतं. स्वभाव मात्र शाबूत होता. अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरने डाळीचं काहीतरी पातळ करून पाजायला सांगितलं होतं. सीमाने सातूचा पेला ओठाला लावला. एक घोट घेऊन त्याने डाव्या हाताने पेला भिरकावला.

"इख पाजतं का मले?" तो जड जिभेने ओरडला.

सीमा फरशी पुसू लागली. सत्यभामेने पेल्याच्या तळाला उरलेलं बोटाने चाखलं. डाळ करपलेली, पिठाच्या गुठळ्या, आणि गुळाच्या जागी मीठ.

"क्लासच्या पोरायची खानावळ चालवतं म्हने तू. अन् असा सातू करतं?"

"तुह्या हाताले एवढी चव हाये," सीमा फडकं पिळत म्हणाली, "तं नवरा काहून नाई टिकला?"

साडेपाचची गाडी सत्यभामेशिवायच गेली.

तिने गहू भिजत घातले. दुसऱ्या दिवशी निथळून, सुकवून, जाडसर कांडून कोंडा पाखडला. मंद आचेवर गहू वेगळे भाजले, चण्याची डाळ वेगळी. घरभर खमंग वास सुटला. सीमा दारात कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"गॅस काय तुह्या बापाचा हाये?"

सत्यभामेने डाळ परतणं चालूच ठेवलं. जिरं, वेलची घालून तिने पीठ गिरणीतून दळून आणलं. माठातल्या पाण्यात गूळ विरघळवून गाळला, त्यात चिमटी चिमटी पीठ सोडत ढवळलं, वरून चमचाभर तूप सोडलं. देवीदासने डोळे मिटून पेला संपवला आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं.

सत्यभामेने हात सोडवून घेतला नाही. एकोणीस वर्षं. तरी जिभेने हात ओळखलाच की!

तरीही तिसऱ्या दिवशी तिने लुगड्याची घडी केली. लग्नसराई होती, झेंडूचा तोडा खोळंबला होता. भाऊ खुशालराव सकाळपासून दोनदा फोनवर बोलला होता. ती पिशवी उचलणार, तोच बाहेरून सीमाचा आवाज आला. शेजारच्या माणिकबाईला ती मोठ्याने सांगत होती, "चालली पाह्य! मी म्हनलं व्हतं ना, दोन दिवसाची हौस हाये. गूमूत काढाची येळ आली का समदे पयतेत."

सत्यभामेने पिशवी खुंटीला अडकवली. त्या दिवशी देवीदासची आंघोळ तिने घातली, अंथरूण तिने धुतलं. तो चिडून तिच्या हाताला चावला, तेही तिने सोसलं. सीमाने खाटेला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच टोमणे मारत राहिली.

चौथ्या दिवशी वाजलंच.

"माह्या घरातून चालती हो, नाई तं पोलिसाले बोलावतो!"

"बोलाव ना! सोडचिठ्ठी झाली का आमची? कागदावर त्याची बायको अजून मीच हाये."

"कागदं दाखोतं मले! चार दिवस सातू पाजला का बायको होते का? जलमभर सांभायाची हिंमत हाये का तुह्यात?"

सत्यभामेने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. सीमाला स्पष्ट ऐकू जावं अशा आवाजात बोलली, "दादा, माह्या वाट्याचा मळा बटईनं कोनाले वाहाले देऊन टाका. मी आता वापस येत नाई. इथंच राहीन, माह्या नवऱ्यापाशी."

पलीकडून खुशालराव म्हणाला, "बाई, इचार कर."

"केला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सीमा भिंतीला टेकून मटकन खाली बसली. पदरात तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. सत्यभामा तिच्याकडे पाहत उभी राहिली. एवढ्या वर्षांची आग त्या क्षणी निवली. रडू दे म्हणावं, आपण नाही का रडलो?

पाचव्या दिवशी सकाळी देवीदासने सातू पिऊन संपवला. सत्यभामा रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात आली. सीमा तिथे नव्हती. बाहेर ऑटो उभा होता. दोन बॅगा आत ठेवलेल्या. सीमा नवं लुगडं नेसून चढतच होती, सत्यभामेला पाहून थांबली. तिने पुढे येऊन घराची किल्ली सत्यभामेच्या हातात ठेवली.

"कुठं चालली?"

"अचलपूरले. बहिनीपाशी."

"वापस कवा येतं?"

आतून देवीदासची हाक आली, "सत्ये! ए सत्ये! मेली का?"

सीमा वाकली. तिने सत्यभामेच्या पायांना हात लावला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार नव्हती.

"ताई, तुमी मधातच निंघून जासान, या धाकानं चार दिवस माह्या जिवात जीव नव्हता."