रिकामा झोपाळा

वेळणेश्वरच्या बाळाकाकांनी पाहुण्यांसाठी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं आणि जाहिरातीसाठी एकच फोटो पाठवला, ओटीवरच्या रिकाम्या झोपाळ्याचा. वेबसाइटला फोटो एका प्रकारचा लागतो, छापील फलकाला दुसऱ्या. म्हणून रत्नागिरीत घरी बसून त्यांच्या पुतणीने, अक्षयाने, एकाच फोटोच्या वेगवेगळ्या प्रकारच्या फायली करून देणारी कमांडची एक ओळ संगणकावर लिहिली आणि एंटर दाबलं.

तयार झालेल्या जेपीजी फायलीत झोपाळा सरळ होता. पीएनजीमध्ये किंचित पुढे आलेला, वेबपीमध्ये मागे गेलेला. मूळ फोटोत मात्र तो जागच्या जागी स्तब्ध होता.

नवल वाटून तिने कमांड पुन्हा पुन्हा चालत राहील असं केलं. फायली एकामागून एक तयार होत गेल्या, ती त्या भरभर पाहत गेली, आणि पडद्यावर झोपाळा संथ झोके घेऊ लागला. दुपार टळत होती. बघता बघता तिचे डोळे जड झाले.

तेवढ्यात फोन वाजला. बाळाकाका होते.

"अक्षया, त्या फोटोचं काय चालवलंयस गो? तुझी गोदाकाकू गेल्यापासून झोपाळ्यावर कोण बसत नाही गो. आणि रिकामा झोपाळा हलवू नये."

"मी कुठे हलवतेय काका? मी फायली बदलतेय."

"मग हा इथे हलतोय तो?"

फोनमधून झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर येत होती, पडद्यावरच्या झोक्यांशी अगदी जुळून.

अक्षयाने घाबरून कमांड थांबवली. कुरकुरही थांबली.

 काका अगदी हळू, कोणाला तरी ऐकू जाऊ नये तसे म्हणाले, "थांबवायला नको होता गो. झोपाळ्यावरून उतरलं ना कोणीतरी."