मापाचा ब्लाऊज

चित्रकलेच्या प्रगती मॅडमनी नऊ चित्रं एकेक करून पाहिली आणि दहावं मागितलं. दहावं झालंच नव्हतं.

"सगळीकडं एकच बाई काढलीयस," त्या म्हणाल्या. "आणि तिला चेहरा नाही."

उत्कर्षानं चित्रं गोळा केली. फॅशन डिझाइनच्या प्रवेशाला दहा चित्रांची फाइल लागायची आणि सोमवारी पुण्यात मुलाखत होती. मोबाइलवरून उतरवलेलं तिथं लगेच ओळखतात, मनातलं काढ, असं मॅडमनीच सांगितलं होतं. तिच्या मनात एकच बाई होती, तिची आई. आणि आईचा चेहरा तिला आठवत नव्हता.

मॅडमनी मग शेवटच्या कागदासाठी उपाय सांगितला. एखादा शिवलेला कपडा घे आणि सुलटा, उलटा, शिवणीसकट जसाच्या तसा काढ. शिंप्याच्या पोरीला ते काही जड नव्हतं.

तिचे वडील सावळाराम बारामतीतले लेडीज टेलर. आईबद्दल त्यांनी सांगितलेलं चार वाक्यांत मावायचं. बारीक अंगाची होती. भाकरी झक्क करायची. तू दीड वर्षाची असताना तापानं गेली. लग्नाचे फोटो गावाहून, निरवांगीहून, हितं येताना हरवले. पाचवं वाक्य उत्कर्षानं लहानपणी पुष्कळदा मागून पाहिलं, मग सोडून दिलं. निरवांगीला ते दोघं पुन्हा कधी गेले नाहीत.

सावळारामांच्या दुकानात मापाची वही नव्हती. वहीवाल्या शिंप्यांना ते कारकून म्हणायचे. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एकेक जुना ब्लाऊज भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असायचा, तेच तिचं माप. बाई अंगानं भरली, की ते त्या जुन्या ब्लाऊजची शिवण उसवायचे, आत राखलेली माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, थोडी सोडायचे आणि नव्या मापावर टीप मारायचे. मशीनवर त्या वेळी जे रीळ असेल त्याच रंगाची. "बाई खोटं सांगंल, टेप बी चुकंल," ते म्हणायचे, "कापड न्हाय चुकत."

शेवटच्या खिळ्याला पिशवीत एक जांभळा ब्लाऊज होता. तो आईचा. त्या पिशवीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम त्या घरात होता.

दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्णीची ओटी भरतात. सावळाराम त्यासाठी आईच्या मापाचा नवा ब्लाऊज शिवायचे. त्याचे हूक लावायचं काम दहाव्या वर्षापासून उत्कर्षाचं होतं, त्यामुळं प्रत्येक वर्षाचा रंग तिच्या ध्यानात होता. कधी हळदी, कधी आमसुली, कधी विटकरी, गेल्या वर्षी पोपटी. ब्लाऊज घेऊन ते एसटीनं इंदापूरला जायचे, दिवस मावळायला परत यायचे आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडायचे. इंदापूरला कुणाला देता, असं तिनं एकदा विचारलं होतं.

"हाय एक," ते म्हणाले. "लेकुरवाळी हाय."

पुण्याचं कानावर घातलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. तिला वाटलं, संपलं आता. तिसऱ्या दिवशी कात्री चालवता चालवता ते म्हणाले, "जा. पर जाताना सांगून जा."

रविवारी दुपारी सावळाराम तिच्या चित्रांसाठी चांगली फाइल आणायला गेले. उत्कर्षानं स्टुलावर चढून पिशवी काढली. आयुष्यात पहिल्यांदा तो ब्लाऊज तिच्या हातात आला. तिनं तो नाकाशी धरला. त्याला कापडाचाच वास होता, आणि तिला रडू आलं.

मग डोळे पुसून ती कामाला लागली. सुलटी बाजू तासाभरात झाली. खाली पेन्सिलनं नाव लिहिलं: कै. सौ. द्वारका सावळाराम, मापाचा ब्लाऊज. हे चित्र फाइलीत सगळ्यात वर ठेवायचं, तिनं ठरवलं. पुण्यातल्या माणसांना तरी कळू दे, अशी एक बाई होती.

उलटी बाजू काढायला तिनं ब्लाऊज उलटा केला.

कुशीच्या शिवणीत सुईच्या भोकांच्या जुन्या ओळी होत्या, एकीच्या बाहेर एक. उसवताना राहिलेले दोऱ्यांचे तुकडे अजून त्यांत अडकलेले होते. जांभळे सगळ्यात आत. त्यांच्या बाहेर हळदी, मग आमसुली, मग विटकरी. शेवटची टीप अखंड होती आणि दोरा पोपटी होता.

तिनं टेप लावली. जांभळ्या ओळीवर छाती बत्तीस भरली. पोपटीवर छत्तीस. तिनं पुन्हा मोजलं. कापड चुकत नव्हतं, आणि इंदापूरची ती बाई लेकुरवाळी होती.

सावळाराम फाइल घेऊन आले तेव्हा ब्लाऊज मशीनवर तसाच उलटा पडला होता. ते उंबऱ्यात थांबले. मग आत येऊन स्टुलावर बसले आणि फाइल मांडीवर धरून राहिले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय आप्पा. जरासंच राह्यलंय."

तिनं पाच ओळी पाच रंगांत काढल्या. पोपटी सगळ्यात शेवटी. मग तिनं रबर घेतलं, खालच्या नावातलं 'कै.' तेवढं खोडलं, कागदावर फुंकर मारली आणि फाइल मागायला वडिलांपुढं हात केला.