आईचा उपास

शेवटचं इंजेक्शन टोचून झालं, तशी शेटे सिस्टरने चार्वीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि दम्याचा पंप जवळ ओढून घेतला. "खा गं बाळा. दाणा चालला, की सुटलीस."

हेमांगी दूर, दाराशी बसून लेकीच्या छातीकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. दाण्याच्या नुसत्या वासानेही ही छाती शिट्टीसारखी वाजायची, ओठ निळे पडायचे. दाणा सोसणाऱ्या पेशी हेमांगीच्या अंगातून काढून चार्वीला टोचत होते. ज्याने दिल्या, त्याच्या अंगात मात्र त्या पुन्हा तयार होत नसत. हे लेकीला कळलं असतं, तर तिने दंड पुढे केलाच नसता.

अर्धा लाडू संपला. श्वास साधा, सरळ चालला होता.

"हे इतकं छान लागतं?" चार्वी उड्या मारत आली आणि तिने उरलेला लाडू आईच्या तोंडाशी धरला. "आ कर."

हेमांगीने मान मागे घेतली. "नको राणी, उपास आहे माझा."

"उपासालाच तर खातात ना दाण्याचा लाडू?"

हेमांगीने नाकाशी रुमाल धरला. घसा आत्ताच खवखवू लागला होता. चार्वीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मान खाली घातली.

चार्वीने लाडू कचऱ्यात टाकला. बेसिनपाशी जाऊन तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, खळखळून चूळ भरली. बाहेर दाणे खाऊन आली की आई इतकी वर्षं करायची, अगदी तस्सं. मग खिडकी उघडून ती म्हणाली, "हं, आता घे श्वास."