न भरणारी जखम

एकोणसत्तर साली पुंजाजी दर गुरुवारी लेकीला, कौतिकाला, एसटीने जानेफळहून मेहकरच्या एका दवाखान्यात न्यायचा. सासरी चुलीवर पडून तिची पोटरी भाजली, असं जावयाने सांगितलं होतं. चार महिने झाले तरी जखम भरत नव्हती. तरुण डॉक्टर तिचंच थोडं रक्त काढत, काचेच्या नळीत घालून हाताच्या यंत्रात गरगर फिरवत आणि वर आलेला पिवळसर थर जखमेवर लावत. त्याने नवं मांस धरतं, असं त्यांचं म्हणणं. मांस धरायचंही, पण पुढच्या गुरुवारी पट्टी सोडली, की जखम पुन्हा उघडी. डॉक्टर चक्रावून गेले होते. जावयाचे निरोप मात्र सुरूच होते, "पाय बरा झाला का धाडून द्या."

एका दुपारी पुंजाजी शेतातून लवकर परतला. कौतिका मागच्या दारी पट्टी सोडून बसली होती आणि ओठ दाताखाली दाबून केसांतल्या आकड्याने खपली उचकटत होती.

"हे काय करून राह्यली, माय?" त्याने विचारलं.

"मी चुलीवर पडली नव्हती, बा," ती मान खाली घालून म्हणाली. "हे भरलं, तं ते मले न्यायले येतीन."

गुरुवारी डॉक्टरांनी सुई उचलली, तसा पुंजाजीने लेकीच्या दंडावर आपला हात ठेवला.

"आता रक्त काढू नका, साहेब. भरते जखम."

"ती कशी काय?"

"पोरगी सासरी जात नाई आता."