हिरवी पट्टी

"पिवळी झाली का गं?" नवऱ्याने दाराच्या काचेतून विचारलं.

"नाही अजून," सून कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली.

ती ज्यात टाइप करायची त्या एडिटर प्रोग्रामच्या खिडकीत, स्क्रीनवर सगळ्यात वर एक जाड पट्टी होती. चालू कामाचं नाव आणि त्याला लागलेला वेळ तिच्यावर दिसे. हिरवी म्हणजे काम चालू. बोटं थांबली की पिवळी, मग लाल. आणि लाल झाली की कंपनीतून फोन येतो, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

आधी ती पट्टी खाली होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. सुनेने सेटिंग बदलून ती वर घेतली, दारातून वाचता येईल एवढी मोठी केली.

"नोकरी आहे की जन्मठेप?" नवरा म्हणाला. "माझा निळा शर्ट कुठाय?"

"कपाटात, खालच्या खणात." बोटं चालूच.

"बोलू का तुझ्या साहेबांशी? माणसाने पाणी प्यायलाही उठायचं नाही म्हणजे काय?"

"नको. मला काढून टाकतील."

नोकरी गेली की ही खोलीही गेली. मग इथे पाहुण्यांच्या गाद्या येणार, हे आधीच ठरलेलं होतं.

बाहेर सासऱ्यांचा चष्मा सापडत नव्हता. शेगडीवर दूध उतू गेलं. प्रत्येक हाक दारापर्यंत येई, काचेतून पट्टी बघे आणि सासूबाईंकडे वळे.

संध्याकाळी सासूबाई न विचारता आत आल्या. हातात फोन होता.

"तुझ्या ओळखपत्रावरचा नंबर लावला मी. साहेबांना म्हटलं, पोरीला जरा श्वास घेऊ द्या."

सुनेची बोटं थांबली. पट्टी पिवळी झाली.

"ते म्हणाले, आमच्याकडे पट्टीबिट्टी काही नसते. सूनबाईंचं काम तर दुपारीच संपतं."

तिला मान वर करवेना. पट्टी लाल झाली. कुणाचाही फोन आला नाही.

"अगं, ऐकलंस का?" बाहेरून सासऱ्यांची हाक आली. लगोलग दुसरी.

सासूबाईंनी दार लावलं, कडी घातली आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"आधी हिरवी कर," त्या हळूच म्हणाल्या. "आणि कुणी विचारलं तर सांग, कंपनीने मलाही ठेवून घेतलंय."